फायटरच्या टँकमध्ये कोणती झाडं लावू? (जळगावचं पाणी, जळगावचं ऊन)

गिरणाकाठ (जळगाव), ११ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुलीच्या हट्टापायी दिवाळीत एक फायटर मासा घरी आला. निळा, शेपटीकडे लालसर. चार महिने तो गोल बाउलमध्येच होता. खाली रंगीत खडे आणि मधोमध प्लास्टिकचं झुडूप. गेल्या आठवड्यात मुलीने दाखवलं, शेपटीचा पदर दोन ठिकाणी फाटला होता. पोरगी रडायला लागली, आणि मलाही फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा काचेचा टँक करून घेतला. तळाला वाळू, एका कोपऱ्यात स्पंज फिल्टर, आणि मासाही आता त्यातच आहे. आता प्लास्टिक नको, खरीच झाडं लावायची.

नळ आमच्याकडे दोन दिवसांआड येतो, मधल्या दिवसांत बोअर. बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरा थर बसतो. मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. अशा पाण्यात आणि उन्हात तगतील, माशाला टोचणार नाहीत अशी झाडं कोणती? दुकानातून क्रिप्टोकोरीनची चार रोपं आणून परवा लावली आहेत. पुढे काय करू?

पांझरा_धुळे, ११ मार्च, रात्री १०:०५

जिभाऊ, तुन्हा फायटर कसा शे आते? शेपटीची काळजी नको करू, पाणी स्वच्छ ठेव, भरून येते. माझ्याकडे दीड महिन्यात आली होती.

प्लास्टिकच्या झाडाबद्दल एक सांगतो. ते झाड हातात घ्यायचं आणि घरातली जुनी नायलॉनची ओढणी त्यावरून हळूच ओढायची. ओढणीचा धागा अडकला तर माशाचा पदरही अडकणारच. मी घरातली तीनही झाडं अशी तपासली, तीनही बाद झाली.

हिरवी_काच (माहेर भुसावळ, सध्या नाशिक), ११ मार्च, रात्री ११:२०

गिरणाकाठ दादा, टँक मोठा केलात हे सर्वांत चांगलं झालं. दहा इंच पाणी भरलं तर साधारण ३५ लिटर होतं, एका फायटरला छान.

आता झाडं. माझं पहिलं मत अनुबियास नाना. मूळचं आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचं, पान जाड, चिवट, रुंद. फायटर पाण्याच्या वरच्या थरात अशा रुंद पानावर चक्क आडवा पडून राहतो. माझा संध्याकाळी सातनंतर एका ठरावीक पानावर टेकतो, तोंड वर, पदर खाली सोडलेला. त्यामुळे एखादं झाड वरच्या बाजूला, पृष्ठभागापासून दोन बोटं खाली येईल असं बांधा.

यात एकच चूक सगळे करतात. अनुबियासला हळदीच्या गड्ड्यासारखा आडवा कंद असतो. तो वाळूत पुरला की कुजतो, आणि मग पानं एकेक करून देठापासून सुटतात. कंद वर, मुळं खाली. दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने सैलसर बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं दगड धरतात. जावा फर्नचंही हेच, त्यालाही पुरायचं नाही. त्याच्या जुन्या पानाच्या टोकाला इवली पिलं फुटतात, दोन-तीन पानांची झाली की खुडून दुसऱ्या दगडाला बांधायची.

ही दोन्ही झाडं सावकाश वाढतात, महिन्याला एखाद-दुसरं पान. म्हणून उजेड कमी ठेवा, सहा-सात तास पुरे. जास्त दिलात तर झाड वाढायच्या आधी पानांवर केसाळ शेवाळ चढतं. आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वगैरे काही लागत नाही, त्यावर पैसे घालू नका.

शहादेकर, १२ मार्च, सकाळी ७:१५

फायटरचं दुसरं नाव बेटा ना, तर आमची आजी त्याला खरोखर "बेटा" म्हणूनच हाक मारते. तिला वाटतं ते त्याचं पाळण्यातलं नाव आहे. आणि हाक मारली की तो येतो!

वरणगाव_एक्सप्रेस, १२ मार्च, सकाळी ९:३०

एवढा खटाटोप कशाला? माझ्या मित्राकडे फुलदाणी आहे, वर पीस लिलीचं झाड, खाली पाण्यात मुळं आणि मुळांत फायटर. मासा मुळं खाऊन राहतो, झाडाला माशाचं खत मिळतं. दुकानदारानेच सांगितलं होतं.

हिरवी_काच, १२ मार्च, सकाळी १०:१०

वरणगाव भाऊ, राग मानू नका पण हे अगदी चूक आहे. फायटर मांसाहारी आहे. त्याच्या मुलखात तो पाण्यावरचे किडे, डासांच्या अळ्या खातो. मुळांना तो तोंड लावतो ते त्यावरचे बारीक जीव टिपायला किंवा भूक लागली म्हणून. दुसरं असं की त्याला पाण्याच्या वर येऊन हवा घ्यावी लागते. कल्ल्यांच्या वर त्याला एक खास अवयव असतो, त्याने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. फुलदाणीचं तोंड झाडाने बंद केलं तर तो घुसमटतो. मित्राला कृपया सांगा.

मनी प्लांटची गोष्ट वेगळी. टँकच्या काठावर वेल ठेवून फक्त मुळं पाण्यात सोडली, वरचा भाग मोकळा ठेवला तर उत्तम. मुळं पाण्यातलं नायट्रेट ओढून घेतात आणि माशाला लपायला जागा होते. लकी बांबूही चालतो, पण त्याचीही पानं बाहेरच हवीत. दुकानात तो आख्खा पाण्यात बुडवून विकतात, तो दोन-तीन महिन्यांत पिवळा पडून कुजतो.

वरणगाव_एक्सप्रेस, १२ मार्च, सकाळी १०:४०

ताई, कळवलं त्याला. आज संध्याकाळी दोघं टँक बघायला जातोय.

केळीबाग_रावेर, १२ मार्च, दुपारी १:००

आमच्याकडे बोअर खोल गेल्या आहेत आणि पाणी दगडासारखं जड आहे, म्हणून मी सांगू शकतो. जड पाण्याला घाबरायचं नाही, त्याला मानवणारी झाडं निवडायची. व्हॅलिस्नेरिया म्हणजे ते लांब पातीचं, लव्हाळ्यासारखं दिसणारं झाड. त्याला जड पाणी आवडतं. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ते आपला कार्बन घेतं, त्यामुळे आपलं बोअरचं पाणी त्याला खुराकच. केळीसारखं बाजूला मुनवे, म्हणजे नवी पिलं, सोडत जातं. माझ्या टँकमध्ये तीन पात्यांचं रोप लावलं होतं, आता मागची काच दिसत नाही. फक्त लावताना मुळं पुरा आणि पांढरा गाभा वर ठेवा.

आता खताचं. जावा फर्नच्या जुन्या पानांना मध्येच भोकं पडायला लागली आणि कडा पिवळ्या झाल्या. ते पान बघताक्षणी मला बागेतली केळी आठवली. केळीला पोटॅश कमी पडलं की आधी जुन्या पानाची कड पिवळी होते. ड्रिपमधून आपण जे ०:०:५० सोडतो ते पोटॅशियम सल्फेट, आणि झाडांच्या टँकवाले महागाच्या बाटलीतून तेच टाकतात! ३५ लिटरला आठवड्यातून अर्धा ग्रॅम, आधी पेलाभर पाण्यात विरघळवून. म्हणजे साधारण ६ पीपीएम (लिटरला ६ मिलिग्रॅम) पोटॅशियम झालं. जुन्या पानांची भोकं भरत नाहीत, पण नवं पान अखंड येतं.

मात्र १९:१९:१९, १२:६१:० ही खतं किंवा युरिया चुकूनही टाकू नका. त्यात अमोनियाच्या रूपातला नत्र असतो, मासा जातो. आपलं पाणी अल्कधर्मी, त्यात उष्णता. अशा पाण्यात अमोनिया आणखी जहाल होतो.

पांझरा_धुळे, १२ मार्च, दुपारी १:३०

नाना, हे ०:०:५० चं डोक्यातच आलं नव्हतं. घरात अर्धी पिशवी पडून आहे!

चोपड्याची_वर्षा, १२ मार्च, रात्री ८:५०

मी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण माझे दोन मासे गेले आहेत.

हायड्रिला म्हणजे आपल्या पाटात, तळ्यात वाढणारं शेवाळासारखं झुडूप. ते इथलंच, फुकट, भराभर वाढणारं. मी शेताजवळच्या पाटातून ओंजळभर आणलं, नळाखाली धुतलं आणि टँकमध्ये टाकलं. रात्री झोपताना मासे ठीक होते. सकाळी एक तळाशी आडवा, दुसरा गोल गोल फिरत होता, तोही दुपारपर्यंत गेला. पाटाच्या वरच्या अंगाला कपाशी होती आणि त्याच आठवड्यात फवारणी झाली होती. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माशाला अगदी नखाएवढ्या मात्रेतही पुरतात. नुसतं धुऊन ती जात नाहीत.

म्हणून शेताजवळचं, पाटातलं, नाल्यातलं झाड आणू नका. दुकानातून आणलेलंही आधी वेगळ्या बादलीत आठ-दहा दिवस ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. मी आता फिक्या गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवते, मग स्वच्छ धुते. गोगलगाईची अंडी, चतुराची पिल्लं बरीचशी तिथेच निघून जातात. चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं आणि लहान मासे धरून खातं, हे मला आधी माहीत नव्हतं.

गिरणाकाठ, १२ मार्च, रात्री ९:३०

वर्षाताई, वाचून वाईट वाटलं. मी उद्या पाटाकडेच जाणार होतो. बरं झालं लिहिलंत.

अजून एक. वाळूखाली शेतातली काळी माती घालू का? घरी भरपूर आहे.

केळीबाग_रावेर, १३ मार्च, सकाळी ६:४५

माझं मत, नको. काळी माती अन्नद्रव्यं धरून ठेवते हे खरं, पण आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात, पाणी आणखी जड होईल. आणि शेतातली म्हणजे युरिया, शेणखत सगळं आलं.

गोमाई_किनारा (शहादा), १३ मार्च, सकाळी ८:२०

नानांशी मी सहमत नाही. मी अंगणातली, कधीच खत न पडलेली काळी माती घेतली. चाळून, महिनाभर पाण्यात भिजवून, वरचं पाणी ओतत राहिलो. एक इंच माती, त्यावर दीड इंच वाळू. त्यात लावलेला अॅमेझॉन सोर्ड (मोठ्या पानांचं पाणझाड) दोन वर्षं जोरात आहे. तो मुळांनी खाणारा आहे, नुसत्या वाळूत उपाशी राहतो.

केळीबाग_रावेर, १३ मार्च, सकाळी ८:५५

दादा, तुम्ही महिनाभर भिजवली, ते कष्ट सगळे घेत नाहीत. आणि एखादं झाड उपटलं की चिखल वर येतो, ती माती फुगते आणि चिकटते. नवशिक्याने अनुबियास, जावा फर्नपासून सुरुवात करावी, त्यांना माती लागतच नाही. वाळूची मात्र परीक्षा घ्या. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका, फेस आला तर त्यात चुना आहे.

गोमाई_किनारा, १३ मार्च, सकाळी ९:१०

नवशिक्यापुरतं मान्य.

नवापूर_भात, १४ मार्च, रात्री १०:३०

कुणी त्याच्या मूळ घराबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. हा मासा थायलंडकडचा. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९१० मध्ये, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर केलं. तिथे तो भाताच्या खाचरात, उथळ दलदलीत राहतो. पाणी गुडघाभर, संथ, गवताने भरलेलं. मी खाचरातलाच माणूस आहे, मला हे डोळ्यासमोर दिसतं. रोपांच्या मधून जेमतेम वीतभर जागा, वर तरंगती पानं, खाली सावली.

म्हणून मला वाटतं, त्याला तरंगती झाडं हवीतच. पिस्टियाचं एखादं रोप किंवा चांगल्या ठिकाणची वेगळी ठेवून तपासलेली लहान तरंगती वनस्पती. नर त्याखाली बुडबुड्यांचं घरटं करतो. पण पाण्याचा निदान तिसरा हिस्सा उघडा ठेवा, त्याला श्वास घ्यायचाय. आणि फिल्टरची हवा कमी करा, जोराच्या प्रवाहात त्याचे लांब पदर त्याला ओढून नेतात. झाकणही ठेवा, हा मासा उडी मारतो.

गिरणाकाठ, २१ मार्च, सकाळी ७:०५

मंडळी, मदत करा. क्रिप्टोकोरीन गेली. चार दिवसांपूर्वी पानांवर पाणचट डाग दिसले, मग पानं पारदर्शक झाली, आज हात लावला तर जेलीसारखी बोटाला चिकटली. चारपैकी तीन रोपांना एकही पान नाही. मुलगी म्हणते मासा दुःखी आहे. उपटून टाकू का? अनुबियास आणि जावा फर्न मात्र छान आहेत, दगडाला बांधले आहेत.

हिरवी_काच, २१ मार्च, सकाळी ७:३०

दादा, उपटू नका!! हात लावू नका. क्रिप्टोकोरीन मेलेली नाही. मूळची श्रीलंकेकडची ही झाडं, पाणी बदललं, जागा बदलली, तापमान बदललं की आधीची सगळी पानं सोडून देतात. दुकानात ती बहुतेक पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पानं पाण्याखाली टिकतच नाहीत. खाली मुळं जिवंत असतात.

विरघळलेली पानं तेवढी कात्रीने देठाशी कापून काढा, नाहीतर ती सडून पाणी खराब करतात. फिल्टर नवा आहे ना? मग एक दिवसाआड पाव पाणी बदला आणि माशाला चिमूटभर कमीच खायला द्या. नव्या टँकमध्ये चांगले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीत कुणाचा जुना टँक असेल तर त्याचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळा. नळाचं पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवून मगच घाला.

पांझरा_धुळे, २१ मार्च, सकाळी ८:००

माझी क्रिप्टोकोरीन पाच आठवडे बिनपानांची, टक्कल होती. मग आली. चिंता नको करू, व्हई जाई बरोबर.

केळीबाग_रावेर, २१ मार्च, सकाळी ८:१५

केळीची पिल बाग (कापलेल्या केळीच्या फुटव्यावर घेतलेलं पीक) आठवा. वरचा खांब कापला तरी कंद खालून नवा फुटवा देतोच की.

भुसावळ_जंक्शन, ६ एप्रिल, दुपारी ३:४०

धागा वर काढतो. आज भुसावळला ४३ आहे. माझ्या टँकचं पाणी ३३ वर गेलंय आणि फायटर वरच तरंगतोय. बर्फाची बाटली टाकू का? जावा मॉस (शेवाळासारखं बारीक पाणझाड) तपकिरी पडायला लागलंय.

गोमाई_किनारा, ६ एप्रिल, दुपारी ४:०५

बर्फ नको. पाणी एकदम उतरतं, पुन्हा चढतं, त्या चढउताराने मासा आजारी पडतो. त्याला २४ ते २८ चांगलं. झाकण काढून वर जाळी लावा आणि संगणकातला छोटा पंखा पाण्यावर तिरपा फिरू द्या. आपल्या कोरड्या हवेचा इथे फायदा आहे, पाणी झपाट्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माझं ३३ चं २९ होतं. हाच पंखा जुलैत, दमट हवेत, फारसा काम करत नाही.

मात्र रोज उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी घालू नका. क्षार टँकमध्येच राहतात आणि साठत जातात. ती भरपाई आरओच्या पाण्याने करा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नाही, त्यात उलट जास्त क्षार असतात. मॉसला आता वाचवणं कठीण, ते थंड पाण्याचं. व्हॅलिस्नेरिया आणि अनुबियास मे महिना काढतात.

भुसावळ_जंक्शन, ७ एप्रिल, रात्री ९:००

पंखा लावला. ३० वर आलं. संध्याकाळी त्याने खाल्लं. दोन दिवस काहीच खाल्लं नव्हतं.

चोपड्याची_वर्षा, ७ एप्रिल, रात्री ९:४५

छान! बदामाचं सुकं पानही टाका. शाळेच्या आवारात असतो तो मोठ्या पानांचा देशी बदाम, सुक्यामेव्यातला नाही. झाडाखाली पडलेलं तपकिरी पान धुऊन टाकायचं, पाणी चहासारखं होतं. आपल्या जड पाण्यात त्याने सामू (पीएच) फारसा खाली येत नाही, पण माशाला आडोसा होतो आणि पानाखाली तो निवांत असतो.

थायलंडमध्ये केळीचं सुकं पानही वापरतात. पण आपल्या बागांत करपा रोगासाठी फवारणी होते, तेव्हा परसातल्या, न फवारलेल्या केळीचंच घ्या.

शहादेकर, ८ एप्रिल, सकाळी ७:००

व्हॅलिस्नेरिया फार झालं, जादाचं नदीत सोडून देऊ का?

नवापूर_भात, ८ एप्रिल, सकाळी ७:२०

नको भाऊ, कृपा करून नको. जलपर्णीने आपली तळी कशी झाकून गेलीत ते बघतोच आपण, तीही बाहेरूनच आली होती. टँकमधलं काहीही नदीत नाही. उन्हात वाळवा आणि कुंडीत टाका. किंवा इथेच विचारा, कुणाला तरी हवंच असेल.

वरणगाव_एक्सप्रेस, ८ एप्रिल, सकाळी ७:२५

मला हवंय! मित्राच्या नव्या टँकला. फुलदाणी धुऊन माळ्यावर ठेवली.

गिरणाकाठ, २६ एप्रिल, रात्री १०:५०

एक बातमी द्यायची होती.

आज संध्याकाळी पाणी बदलताना मुलीने काचेला नाक लावलं आणि ओरडली. मी वाकून बघितलं. ज्या जागी महिनाभर नुसती वाळू होती तिथे एक टोक वर आलेलं, तांबूस, गुंडाळीसारखं, तांदळाच्या दाण्याएवढं. शेजारी दुसरं, जरा उलगडलेलं. मूळच्या रोपाची पानं हिरवी आणि सरळ होती, ही आखूड आहेत आणि कडेला नागमोडी. चारपैकी तीन जागी फुटवा आहे. चौथ्याची वाट बघतोय.

शेपटी भरून आली, जोडलेल्या जागी पदर अजून पारदर्शक आहे. पंखा चालू आहे, पाणी २९ च्या आसपास राहतं. परवापासून बदामाच्या पानाखाली बुडबुड्यांचं घरटंही दिसतंय. टँकमधून काढलेलं पाणी मुलगी रोज तुळशीला घालते.

हिरवी_काच ताई, जावा फर्नच्या पानाला टोकाशी बारीक काळी मुळं आणि दोन पानं आली आहेत. हेच ते पिल्लू का? आता खुडू की अजून थांबू?

हिरवी_काच, २६ एप्रिल, रात्री ११:०५

हेच. अजून एक पान येऊ द्या दादा.